बोटं झडत नाहीत

'महारोग झाला की बोटं झडतात.'

हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलंत? आठवत नाही ना? मलाही नाही. शाळेत, एसटी स्टँडवर, कुठल्यातरी जुन्या सिनेमात... कुठेतरी ऐकलं आणि डोक्यात फिट्ट बसलं. सिग्नलला गाडी थांबली, समोर चिंध्या गुंडाळलेला हात आला की आपण काच वर करतो. त्यामागे हेच वाक्य असतं.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय कुष्ठरोग. (पळू नका. यात जिवाणू आहे, कोर्टकचेरी आहे, डेड कोड आहे, उंदीर आणि मांजरंही आहेत!) आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, वरचं वाक्य चूक आहे. बोटं झडत नाहीत. कुष्ठरोगाचा जिवाणू मांस खात नाही, हाडं कुरतडत नाही. तो त्याहून भयंकर काम करतो. तो वेदनेची वायर कापतो. बाकीचं नुकसान पेशंटच्या स्वतःच्या हातून, रोजची कामं करताकरता होतं.

आपल्या धंद्यात एक अनुभव सगळ्यांच्या गाठीशी असतो. एरर स्क्रीनवर दिसते, म्हणून चार दिवस सगळे यूआयचा कोड तपासत बसतात आणि शेवटी कळतं की बग तीन लेयर खाली नेटवर्कमध्ये होता. कुष्ठरोगाच्या बाबतीत माणसाने हे चार दिवस नाही, साधारण चार हजार वर्षं केलं. डाग कातडीवर दिसतो म्हणून रोग कातडीचा. जुनी माणसं 'रक्तपिती' म्हणायची, म्हणजे दोष रक्ताचा. कोणी म्हणे पूर्वजन्मीचं पाप, म्हणजे दोष तर थेट हिशेबाच्या वहीतलाच! खरा घोटाळा होता मज्जातंतूंमध्ये, म्हणजे मेंदू आणि पाठीचा कणा सोडून बाहेर हातापायांत पसरलेल्या नसांच्या जाळ्यात. (मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.)

चार हजार वर्षं हा आकडा उगीच फेकलेला नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल नावाचं प्राचीन वस्तीचं ठिकाण आहे. तिथल्या उत्खननात इसवी सनापूर्वी २००० च्या सुमाराचा एक सांगाडा सापडला आणि त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे सुश्रुताने कुष्ठाच्या लक्षणांमध्ये स्पर्शज्ञान जाणं नोंदवलं आणि तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचं तेल सुचवलं. त्याच कुळातलं कडू कवठ आपल्या सह्याद्रीत होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड (हो, राणीच्या बागेतल्या म्युझियमचे भाऊ दाजी!) त्याच्या तेलाने कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. म्हणजे 'बधिरपणा' हे लक्षण माहीत होतं, औषधाचे प्रयत्नही चालू होते. फक्त बधिरपणा हाच सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, ही कडी जुळत नव्हती.

ज्याने नसा काढल्या तो चित्रकार

या कथेतलं पहिलं इंटरेस्टिंग पात्र मुंबईत भेटतं. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. नाव ऐकलं नसेल, पण त्याची चित्रं मेडिकलला गेलेल्या प्रत्येक मित्राने पाहिली असतील. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या 'ग्रेज अॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध पुस्तकाची चित्रं याची. मजकूर ग्रेचा, चित्रं कार्टरची, आणि नाव कोणाचं झालं ते पुस्तकाच्या शीर्षकातच दिसतं. (टीम लीडने क्रेडिट खाणं हा प्रकार आयटीने शोधलेला नाही, एवढीच नोंद.)

त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. शेजारच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोगाने गेलेल्या लोकांची शवविच्छेदनं त्याने केली आणि सवयीप्रमाणे जे दिसलं ते काढून ठेवलं. त्याला दिसल्या त्या जाड झालेल्या, सुजलेल्या नसा. १८६०च्या दशकात मुंबईत बसून एक माणूस रोगाच्या खऱ्या ठिकाणी बोट ठेवत होता. नंतर तो काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता आणि तिथेही कुष्ठरोगाचा अभ्यास त्याने सोडला नाही.

१८७३ मध्ये कार्टर नॉर्वेला गेला. नॉर्वेच का? कारण त्या काळी तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गन शहराच्या आसपास, कुष्ठरोग ठाण मांडून होता. आणि नॉर्वेजियन लोकांनी एक काम फार आधी केलं होतं: डेटा गोळा करायचं. १८५६ पासून त्यांच्याकडे कुष्ठरुग्णांची देशभराची नोंदवही होती. एकाच रोगाच्या रुग्णांची अशी राष्ट्रीय नोंद जगात बहुधा पहिलीच.

बर्गनमधले सर्वांत मोठे तज्ज्ञ डॅनियल डॅनियलसन. त्यांचं ठाम मत की हा रोग आनुवंशिक आहे. ते सिद्ध करायला त्यांनी रुग्णाच्या गाठीतला पदार्थ स्वतःच्या अंगात टोचून घेतला होता! त्यांना काही झालं नाही, त्यामुळे मत आणखी पक्कं झालं. (सॅम्पल साइज एक. चालायचंच.) त्यांच्याच हाताखाली काम करणारा, आणि त्यांचा जावई झालेला गेरहार्ड आर्माउर हान्सेन मात्र नोंदवहीतले आकडे आणि गावोगावच्या रुग्णांची माहिती पाहून म्हणत होता की हा संसर्ग आहे. १८७३ मध्येच त्याला सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांच्या पेशींमध्ये काडीसारखे जिवाणू दिसले. माणसाच्या जुनाट रोगामागे एखादा विशिष्ट जिवाणू असल्याचं जगात कोणी इतक्या लवकर दाखवलं नव्हतं. क्षयाचा जिवाणू कॉखला सापडायला अजून नऊ वर्षं होती.

पुढची गोष्ट मात्र काळी आहे. जिवाणू दिसला, पण प्रयोगशाळेत तो वाढेना. पुरावा अपुरा. मग १८७९ मध्ये हान्सेनने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न सांगता, न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला पदार्थ टोचला. तिने तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८० मध्ये हान्सेनला रुग्णालयातल्या पदावरून काढण्यात आलं. देशाचा कुष्ठरोग अधिकारी म्हणून तो कायम राहिला, पण त्या बाईने दाद मागितली आणि तिला ती मिळाली, हे मला जिवाणूच्या शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी, एक गरीब, कुष्ठरोगी बाई, समोर नावाजलेला डॉक्टर. विचार करा.

आळशी जिवाणू आणि डेड कोड

हा जिवाणू प्रयोगशाळेत का वाढत नाही? आजही तो कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवता आला आणि १९७१ मध्ये आर्माडिलो नावाच्या खवलेवाल्या अमेरिकन प्राण्यात. दोन्ही ठिकाणी कॉमन काय? थंडावा. उंदराचा तळपाय अंगापेक्षा थंड आणि आर्माडिलोचं तर सगळं शरीरच तुलनेने थंड. या जिवाणूला आपल्या शरीराच्या आतली ३७ अंशांची ऊब मानवत नाही. त्याला ३०-३३ अंश बरे वाटतात.

२००१ मध्ये त्याचा जीनोम वाचून झाला. त्यासाठी वापरलेला जिवाणू मूळचा तामिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेला. आणि निकाल असा की कुठल्याही प्रोग्रॅमरने कपाळाला हात लावावा. जीनोम सुमारे ३२.७ लाख अक्षरांचा. त्यात चालणारी जनुकं सुमारे १,६००. आणि मोडकी, बंद पडलेली, नुसती जागा अडवून बसलेली जनुकं १,१०० च्या वर! क्षयाचा जिवाणू याचा सख्खा चुलतभाऊ, त्याच्याकडे ४,००० च्या आसपास जनुकं आहेत. म्हणजे या भावाने पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पेशीत फुकट राहून स्वतःची एकेक फंक्शन गमावली. डेड कोड तसाच पडून आहे. जे लागेल ते यजमानाच्या घरातून घ्यायचं. त्यामुळे बाहेर काढलं की उपाशी. वाढायचा वेगही तसाच. पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला दोन आठवडे लागतात. लागण झाल्यापासून पहिला डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी कधी वीसही.

आता हा फुकट्या राहतो कुठे? मज्जातंतूंच्या भोवती श्वान पेशी असतात. (कुत्र्याशी संबंध नाही! थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे.) वायरवर जसं प्लॅस्टिकचं कव्हर, तशा या पेशी तंतूला गुंडाळून असतात आणि त्याची देखभालही करतात. १९९७-९८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अनुरा रंबुकना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की श्वान पेशीच्या बाहेरच्या आवरणात लॅमिनिन-२ नावाचं जे प्रथिन असतं, त्यालाच हा जिवाणू चिकटतो आणि आत शिरतो. नसेत शिरायची याच्याकडे जणू किल्लीच आहे.

एकदा आत शिरला की तो निवांत. घोटाळा होतो तो आपल्या प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता लागल्यावर. ती नसेवर तुटून पडते. नसेला सूज येते. पण नसेभोवतीचं वेष्टण घट्ट, फुगायला जागा नाही, त्यामुळे आतले तंतू चेंगरतात. ढेकूण मारायला घर जाळावं तसा प्रकार. नस मेली की तिच्या हद्दीतला स्पर्श गेला, गरम-गार गेलं, वेदना गेली, घाम गेला आणि स्नायूंची ताकदही गेली.

आता थंडावा आवडणारा जिवाणू कुठल्या नसा पकडेल? ज्या कातडीच्या अगदी खाली असतात त्या. कोपराला टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत करंट लागतो ना, ती अल्नर नर्व्ह. ती गेली की करंगळी-अनामिका बधिर होतात आणि बोटं पंजासारखी वाकतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबतं, चालताना फरफटतं. घोट्याच्या आतल्या बाजूची गेली की तळपाय बधिर. चेहऱ्यावरची गेली की डोळा मिटत नाही, उघडा राहून कोरडा पडतो आणि शेवटी आंधळेपणा येतो. विद्रूपतेचा हा नकाशा पापपुण्याचा नसून तापमानाचा आहे.

भीती आधी, माहिती नंतर

हे सगळं कळायच्या आतच समाजाने आणि सरकारने निकाल लावून टाकला होता. १८८९ मध्ये हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन स्वतः त्याच रोगाने वारले आणि जगभर घबराट उडाली. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय ते हेच. त्याच सुमारास लंडनहून एक आयोग भारतात फिरून गेला. त्याचं म्हणणं आलं की रोग फारसा संसर्गजन्य नाही, सक्तीने डांबून ठेवायची गरज नाही. तरी १८९८ मध्ये 'लेपर्स अॅक्ट' आलाच. उघड्यावर राहणाऱ्या गरीब कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. डेटा एक सांगतो आणि मॅनेजमेंट दुसरंच ठरवतं, हेही जुनंच म्हणायचं.

एक हस्तांदोलन

आता १९४७. मद्रासजवळच्या चिंगलपेटचं कुष्ठरोग रुग्णालय. तिथले प्रमुख रॉबर्ट कॉक्रेन एका तरुण सर्जनला रुग्णालय दाखवत होते. नाव पॉल ब्रँड. जन्म तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर, मिशनरी आईबापांच्या पोटी. डॉक्टर व्हायच्या आधी बांधकामाचं आणि सुतारकामाचं शिक्षण घेतलेला माणूस, म्हणजे अर्धा इंजिनिअर आपलाच! वर्षभरापूर्वीच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झालेला.

कॉक्रेन कातडीवरच्या डागांबद्दल बोलत होते आणि ब्रँड बघत होते वाकडे हात. हे हात असे का होतात, याचा अभ्यास हाडांच्या एखाद्या सर्जनने केलाय का? उत्तर आलं, जवळजवळ कोणीच नाही. मग ब्रँडनी एका रुग्णाच्या पंजा झालेल्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितलं. त्यांना वाटलं, अशा हातात काय जोर असणार. त्या माणसाने असा काही दाबला की ब्रँड वेदनेने कळवळले.

त्या एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. एक, हाताचे सगळे स्नायू मेलेले नाहीत, काही ठणठणीत आहेत. दोन, आपण किती जोरात दाबतोय हे त्या माणसाला कळतच नाहीये.

पहिल्या गोष्टीतून शस्त्रक्रिया निघाली. जिवंत स्नायूचा कंडरा काढून मेलेल्या स्नायूच्या जागी जोडायचा, म्हणजे वाकलेली बोटं परत उघडतात. वेल्लोरला १९४८ पासून हे सुरू झालं. तोपर्यंत समज असा होता की कुष्ठरुग्णाचं 'मांसच खराब', कापलं तर भरून येणार नाही. जखमा छान भरून आल्या. मांसात काहीच खराबी नव्हती.

दुसऱ्या गोष्टीने तर सगळा उलगडाच केला. गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडेना, तर एका पोराने पुढे होऊन किल्ली सर्रकन फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, बोट हाडापर्यंत कापलेलं. पोराला पत्ता नाही. निखाऱ्यात पडलेला बटाटा सहज हाताने काढणारे, चपलेतला खिळा दिवसभर पायात घेऊन चालणारे रुग्ण त्यांना दिसले. मग त्यांनी एकेका जखमेचा शोध घ्यायला सुरुवात केली. आपल्या भाषेत, प्रत्येक इन्सिडेंटचं रूट कॉज अॅनालिसिस. जवळजवळ प्रत्येक वेळी रोजच्या जगण्यातलं काहीतरी सापडायचं: गरम भांडं, कुऱ्हाडीचा दांडा, घट्ट चप्पल. जखम झाली, दुखलं नाही म्हणून हात वापरत राहिला, त्यात पू झाला, हाड झिजलं, बोट आखूड झालं. 'झडलं' ते असं.

तरी काही प्रकरणं सुटेनात. रात्री झोपताना बोट शाबूत आणि सकाळी त्याचा तुकडा गायब. शेवटी रात्री पहारा ठेवला. उंदीर! झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडत होता आणि माणूस शांत घोरत होता. उपाय काय केला? मांजरं पाळली. घरी जाणाऱ्या रुग्णालाही मांजर बरोबर घेऊन जायला सांगायचे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात याहून साधा आणि याहून अंगावर येणारा उपाय मला तरी माहीत नाही.

आणखी एक प्रसंग. शस्त्रक्रियेने हात सुधारलेला एक तरुण काही दिवसांनी परत आला आणि म्हणाला की हे हात वाईट आहेत. का? तर कुष्ठरोगी म्हणून काम कोणी देत नाही, आणि हात चांगले दिसतात म्हणून भीकही मिळत नाही. ब्रँडना कळलं की नुसता हात जोडून भागत नाही. १९५१ मध्ये वेल्लोरला 'नवजीवन निलयम' सुरू झालं. बधिर हाताने, हात न गमावता, सुतारकामासारखी कामं कशी करायची हे शिकवणारं केंद्र.

याच काळात आपल्याकडे विदर्भातही नेमका हाच प्रश्न हाताळला जात होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून काम करत होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं होतं. आणि वरोऱ्याला बाबा आमटे. गटारीजवळ पडलेल्या तुळशीरामला पाहून आधी घाबरून पळालेले आणि मग परत आलेले बाबा आपल्याला माहीत असतात. ते कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेऊन आले आणि तिथे प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचं शरीर देऊ केलं, हे कमी जणांना माहीत असतं. हान्सेनने न विचारता दुसऱ्याचा डोळा वापरला होता, बाबांनी स्वतःचं अंग पुढे केलं. आनंदवनाने त्या 'भीकही नाही, कामही नाही' वाल्या कोड्याला उत्तर दिलं ते शेती, विहिरी, हातमाग आणि सुतारकामाने. आणि मुंबईत डॉ. नोशीर अंतिया या प्लास्टिक सर्जनने कुष्ठरुग्णांचे हात, नाक, चेहरे दुरुस्त करण्यात आणि पुढे नसांच्या संशोधनात आयुष्य घातलं.

जिवाणू मेला, पुढे काय?

औषधांचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिलला प्रोमिन हे पहिलं खरोखर चालणारं औषध वापरलं गेलं. मग डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. एकच औषध वर्षानुवर्षं दिल्याने जिवाणू त्याला सरावला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायची शिफारस केली, तीच एमडीटी. सहा ते बारा महिन्यांचा कोर्स, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून लागण होण्याचा धोका संपतो. तसाही हा रोग हात लावल्याने होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, जवळच्या सहवासाने होऊ शकतो, आणि बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला सहज परतवून लावते.

मग गोष्ट संपली? नाही. इथेच तो बधिरपणा पुन्हा आडवा येतो. एमडीटी जिवाणू मारते, मेलेली नस जिवंत करत नाही. उलट मेलेल्या जिवाणूंचे अवशेष नसेत पडून राहतात आणि त्यांच्यावर प्रतिकारशक्ती कधीही भडकू शकते: उपचार चालू असताना, किंवा संपल्यानंतरही. याला 'रिअॅक्शन' म्हणतात. तेव्हा स्टेरॉइड वेळेवर मिळालं तर नस वाचू शकते. ढोबळ हिशेब असा की नुकसान होऊन सहा महिन्यांच्या आत पकडलं तर आशा चांगली, उशीर झाला तर ती नस गेली म्हणूनच समजायचं. म्हणजे बग फिक्स केला तरी करप्ट झालेला डेटा परत येत नाही. सिग्नलवरचा तो वाकडा हात बहुतेक वेळा पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचा असतो. आपण काच वर करतो ती एका जुन्या जखमेला घाबरून.

अलार्म बंद करायचं बटण

ब्रँड १९६६ मध्ये कारव्हिलला गेले. तिथे त्यांनी एक भन्नाट प्रोजेक्ट घेतलं: कृत्रिम वेदना. बधिर हातापायांसाठी सेन्सर लावलेले हातमोजे आणि मोजे. दाब वाढला की कानात आवाज. लोक दुर्लक्ष करायचे. मग दिवे लावले. तरी दुर्लक्ष. शेवटी काखेत शॉक द्यायची सोय केली. तर लोक काय करायचे? काम अडलं की सिस्टिम बंद करायची, काम उरकायचं, परत चालू करायची!

ऑन-कॉल ड्यूटी केलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल आणि पोटात गोळाही. जो अलर्ट म्यूट करता येतो तो आपण म्यूट करतोच. खऱ्या वेदनेला ऑफचं बटण नाही, हीच तिची करामत. ब्रँडनी तो नाद सोडला आणि उरलेलं आयुष्य वेदनेला देणगी म्हणत काढलं. २००३ मध्ये ते वारले.

पण त्यांचं एक काम आपल्या घरापर्यंत आलंय. बधिर तळपायाला मऊ तळाची चप्पल, रोज रात्री पाय तपासणं, जखम झाली तर प्लास्टर घालून पायाला विश्रांती. हे कुष्ठरुग्णांसाठी घडवलेलं सगळं पुढे मधुमेहींच्या पायासाठी वापरलं गेलं. कारण मधुमेहातही नसा मरतात आणि पाय बधिर होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यातले एक-दोन तुमच्या घरातही असतील. बाबांच्या पायात चप्पल राहिली नाही, निसटून गेली आणि त्यांना कळलंच नाही, असं झालं तर हसण्यावारी नेऊ नका. रात्री त्यांचे तळपाय बघा.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचं 'निर्मूलन' जाहीर केलं. त्याचा तांत्रिक अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. आपण सगळ्यांनी तो 'संपला' असा घेतला. २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ८३ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यातले १ लाखाहून जास्त भारतातले. १८९८ चा लेपर्स अॅक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ मध्ये काढलं. जिवाणूला दुप्पट व्हायला दोन आठवडे लागतात म्हणून आपण त्याला आळशी म्हणतो. कायद्याला काय म्हणायचं?

असो. लक्षात ठेवायचं ते एवढंच: अंगावर फिकट किंवा लालसर डाग आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि बॉलपेनचं टोक टेकवलं तर तिथे कळत नाही, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं. स्वतःचा असो, घरी कामाला येणाऱ्या मावशींचा असो, सोसायटीच्या वॉचमनकाकांचा असो. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. या रोगात दुखत नाही हीच धोक्याची खूण आहे.

आणि कोणी म्हणालं की महारोगाने बोटं झडतात, तर त्याला उंदराची गोष्ट सांगा.